रूबिलियाकची स्मारकं : इंग्लंडच्या चर्चमधलं संगमरवरी नाटक

दगडफूल

लंडनला आलेली आपली मंडळी वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत जातात, राजाराण्यांची थडगी बघतात, न्यूटन शोधतात, फोटो काढतात आणि अठराव्या शतकातल्या त्या थोराड पांढऱ्या संगमरवरी स्मारकांसमोरून सरळ पुढे निघून जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून हा धागा काढतोय. इंग्लंडमधे रोकोको शैलीचे (अठराव्या शतकातली नाजूक, वळणदार, नटवी शैली) राजवाडे फारसे नाहीत, फ्रान्स किंवा बव्हेरियासारखी सोनेरी वेलबुट्टीची चर्चेस तर जवळजवळ नाहीतच. पण ही शैली इथे एका जागी अगदी जोमानं वाढली, आणि ती म्हणजे मेलेल्या माणसांची स्मारकं.

हे असं का झालं ते आधी सांगतो. सोळाव्या शतकात इंग्लंड प्रोटेस्टंट झालं तेव्हा चर्चमधले संतांचे पुतळे फोडले, चित्रं पुसली. त्या धामधुमीत लोक थडगी पण फोडायला लागले, तेव्हा पहिल्या एलिझाबेथ राणीनं १५६० साली जाहीरनामा काढून थडगी आणि स्मारकं फोडायला बंदी केली. म्हणजे चर्चमधे देवाची मूर्ती नको पण मेलेल्या ड्यूकची चालेल अशी परिस्थिती झाली. रोममधला शिल्पकार वेदीवर देवदूत घडवत होता तेव्हा इथल्या शिल्पकाराला मोठं काम मिळायचं ते बहुतेक करून थडग्याचंच. पुढची दोनशे वर्षं इथल्या शिल्पकलेचा बराचसा पैसा आणि अक्कल तिकडेच गेली.

आता माणूस. लुई फ्रान्स्वा रूबिलियाक, जन्म १७०२, गाव फ्रान्समधलं ल्यों, १७३० च्या आसपास लंडनला आला. १७३८ साली त्यानं व्हॉक्सहॉल गार्डन्ससाठी हॅंडेल या संगीतकाराचा पुतळा केला. हॅंडेल तेव्हा जिवंत होता आणि तो घरातल्या टोपीत, पायात सपाता, एक चप्पल अर्धी निघालेली, असा निवांत बसलेला दाखवलाय (आता व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधे आहे, जरूर बघा). बागेत तिकीट काढून येणाऱ्या लोकांसाठीचा पुतळा होता तो, राजासाठीचा नाही, आणि त्या एका कामानं तो गाजला. हॉगार्थ या चित्रकारानं १७३५ मधे चालू केलेल्या सेंट मार्टिन्स लेनच्या अकादमीत तो शिल्पकला शिकवायचा.

माझं ठाम मत असं की १७४५ ते १७६२ या काळात या एका माणसानं इंग्लंडच्या चर्चमधे जे केलं त्याला स्मारक म्हणण्यापेक्षा नाटकाचा प्रवेश म्हणावं. आधीची थडगी म्हणजे माणूस हात जोडून आडवा, किंवा गुडघ्यावर, किंवा रोमन कपड्यात कोपर टेकून पहुडलेला. याच्या कामात काहीतरी *घडत असतं*, आणि नेमकं अर्ध्यात थांबलेलं असतं. जनरल हारग्रेवचं घ्या (अ‍ॅबी, १७५७). हा जिब्राल्टरचा गव्हर्नर होता. वर देवदूत कयामतीची तुतारी फुंकतोय, मागचा दगडी पिरॅमिड त्या आवाजानं कोसळतोय, एकेक चिरा निखळताना दिसतो, शवपेटीतून म्हातारा जनरल उठून वर बघतोय आणि बाजूला काळपुरुष मृत्यूच्या सांगाड्याला हरवून त्याचा भाला मोडतोय. कोसळणारी इमारत संगमरवरात कोरायची म्हणजे काय धाडस आहे बघा.

आणि सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे लेडी एलिझाबेथ नाइटिंगेल (१७६१). त्याबद्दल प्रतिसादांत लिहितो, नाहीतर हा लेख फारच लांबेल.

मोगरीकाठ

छान धागा! नाइटिंगेलचं लिहाच. मी बघितलंय ते आणि खरं सांगायचं तर मला अंगावर आलं. देवळात, म्हणजे चर्चमधे, इतका भीषण सांगाडा कसा काय ठेवू दिला? फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या घरातली का ही?

दगडफूल

@मोगरीकाठ, फ्लॉरेन्सशी तसा काही संबंध जोडू नका, ही शंभर वर्षं आधीची बाई. अर्ल फेरर्सची मुलगी, १७३१ साली २७ व्या वर्षी बाळंतपणाशी निगडित कारणानं गेली. विजेच्या कडकडाटानं घाबरून गर्भपात झाला अशी कथा चालत आलीय. नवरा जोसेफ १७५२ मधे गेला आणि त्यांच्या मुलाच्या मृत्युपत्राप्रमाणे हे स्मारक झालं, म्हणजे ज्या बाईचं दुःख दाखवलंय तिला जाऊन तीस वर्षं झाली होती.

रचना अशी आहे. खाली तळघराचं दार, ते अर्धवट उघडलंय. त्यातून कफनात गुंडाळलेला सांगाडा बाहेर येतोय आणि वर भाला रोखतोय. वर ती बाई नवऱ्याच्या अंगावर कोसळतेय आणि नवरा एका हातानं तिला सावरतोय आणि दुसरा हात पुढे करून तो भाला अडवायला बघतोय. त्या हातानं काही अडणार नाही हे आपल्याला दिसतंच, पण त्याचा हात पुढे गेलाय. मला या स्मारकातला सांगाडा नाही तो हात महत्त्वाचा वाटतो. सांगाडे युरोपात ढिगानं आहेत, इटलीतल्या बर्निनी या शिल्पकारानं पोपच्या थडग्यावर केलेत. पण नवरा म्हणून माणूस किती हतबल असतो हे असं त्याआधी थडग्यावर कोणी दाखवलेलं मी तरी पाहिलं नाही.

चर्चनं कसं चालवून घेतलं म्हणाल तर उलट धार्मिक लोकांना ते आवडलं. मेथडिस्ट पंथाचा जॉन वेस्ली, ज्याला अ‍ॅबीतले बाकीचे दिखाऊ पुतळे पसंत नव्हते, त्यानं या स्मारकाचं खास कौतुक केलं. आणि योगायोग म्हणजे लेडी एलिझाबेथची सख्खी बहीण सेलिना, काउंटेस ऑफ हंटिंग्डन, ही त्याच चळवळीची मोठी आधारस्तंभ.

एक चोराची गोष्टही सांगतात. रात्री अ‍ॅबीत शिरलेल्या चोराला चांदण्यात तो सांगाडा दिसला आणि तो हत्यारं टाकून पळाला. त्याची पहार नंतर कित्येक वर्षं स्मारकाशेजारी ठेवलेली होती म्हणे.

खिडकीपाशी

लेख आवडला पण मतभेद नोंदवतो. रूबिलियाक मला नेहमीच जरा जास्त वाटतो. ढग, तुताऱ्या, सांगाडे, कोसळणारे पिरॅमिड, हे सगळं बघताना मेलेला माणूस कोण होता ते विसरायला होतं. त्यापेक्षा रायस्ब्रॅकचं न्यूटनचं स्मारक बघा (१७३१, आराखडा विल्यम केंटचा). न्यूटन पुस्तकांच्या चळतीवर कोपर टेकून बसलाय, वर खगोल, खाली लहान मुलं दुर्बीण आणि प्रिझम घेऊन प्रयोग करतायत. शांत. भारदस्त. रायस्ब्रॅक अँटवर्पचा, १७२० मधे इथे आला, आणि माझ्या मते त्याच्या हातात जो भार आहे तो रूबिलियाककडे नाही. नाटक संपलं की प्रेक्षक घरी जातो, स्मारक तिथेच असतं.

शिवाय रूबिलियाकनं वळण पाडलं त्याचे परिणामही बघा. त्याचा मदतनीस निकोलस रीड यानं अ‍ॅडमिरल टिरेल यांचं स्मारक केलं, त्यात अ‍ॅडमिरल समुद्राच्या तळातून उठून ढगांत निघालाय आणि ते ढग इतके जाड झाले की लोकांनी त्याला पॅनकेक मॉन्युमेंट नाव ठेवलं. पुढे त्याचा बराच भाग काढूनच टाकला.

दगडफूल

@खिडकीपाशी, न्यूटनचं स्मारक थोर आहे, वादच नाही. पण ते रोकोको नाही, ते बरोकच्या (रोकोकोच्या आधीची भारदस्त शैली) शेवटाचं आणि रोमन वळणाचं काम आहे. आणि चेल्याच्या चुका गुरूच्या खात्यावर लावायला मी तयार नाही 🙂

माणूस विसरायला होतं हे मात्र मला अजिबात पटत नाही. हॅंडेलचं थडगं बघा. स्वतः हॅंडेलनं मृत्युपत्रात सहाशे पाउंडांपर्यंतची रक्कम स्मारकासाठी ठेवली होती, आणि चोवीस वर्षांपूर्वी त्याला सपाता घालून बसवणाऱ्या त्याच रूबिलियाकनं ते केलं. चेहरा मृत्यूनंतर घेतलेल्या साच्यावरून, जाडा, थकलेला, सुंदर करायचा काही प्रयत्न नाही. समोर त्याच्याच मेसाया मधलं गाणं उघडलेलं, वर ढगात देवदूत वीणा छेडतोय आणि हॅंडेल ते ऐकायला थबकलाय. रूबिलियाक १७६२ च्या जानेवारीत गेला आणि हे स्मारक त्यानंतर जुलैमधे उघडलं.

पण माझा खरा मुद्दा अ‍ॅबीबाहेरचा आहे. त्याची सर्वोत्तम कामं अ‍ॅबीत नाहीत, वॉर्कटनला आहेत. नॉर्थहॅम्प्टनशायरमधे केटरिंगच्या बाजूला हे एवढंसं गाव आहे, पिवळसर दगडाची घरं, गवताची छपरं. तिथलं सेंट एडमंड चर्च बाहेरून इतर कुठल्याही गावच्या चर्चसारखं. आत वेदीच्या भागात गेलात की दोन्ही बाजूला भिंतभर उंचीचे कोनाडे आणि त्यात माँटेग्यू घराण्याची चार स्मारकं. त्यातली दोन रूबिलियाकची : दुसरे ड्यूक जॉन (वारले १७४९) आणि त्यांची डचेस मेरी (वारली १७५१). स्मारकांसाठी तो भागच नव्यानं बांधून घेतला आणि साध्या काचेच्या मोठ्या खिडक्या ठेवल्या, त्यामुळे पांढऱ्या संगमरवरावर बाजूनं स्वच्छ उजेड पडतो.

ड्यूकच्या स्मारकात ड्यूकचा पुतळाच नाही! दानशीलतेची देवता लेकुरवाळी, ती वर चढून ड्यूकचा गोल चेहरा कोरलेली तबकडी टांगतेय, एक बाळ मदतीला. काम अजून चालू आहे, टांगून झालेलं नाही. आणि खाली डचेस उभी, वर बघतेय. म्हणजे स्मारक उभं राहताना आपण बघतोय, आणि विधवाही बघतेय. हे अफाट आहे. ड्यूक तोफखात्याचे प्रमुख होते म्हणून तोफा निशाणंही आहेत पण ती बाजूला. डचेसच्या स्मारकात आयुष्याचा धागा कातणाऱ्या, मोजणाऱ्या, तोडणाऱ्या तीन नियतीदेवता आहेत आणि वर बाळं अस्थिकलशाला फुलांचा हार घालतायत. मृत्यूचं स्मारक आहे पण त्यात भय नाही, हळुवारपणा आहे, आणि माझ्यासाठी इंग्लिश रोकोकोचा कळस तो आहे.

अ‍ॅबीत त्याच्या कामांना जागाच मिळत नाही. जनरल वेडचं स्मारक इतकं उंच बसवलं की रूबिलियाक तिथे येऊन रडायचा अशी आठवण सांगतात. वॉर्कटनला त्याला हवी ती उंची, हवा तो उजेड मिळाला.

धूळपाटी

इथे थोडं तांत्रिक लिहितो कारण मी दगडकामाच्या संवर्धनात आहे आणि अशा स्मारकांवर हात फिरवायची संधी मिळते. समोरून अखंड डोंगर दिसतो पण आत बऱ्याचदा विटांचं नाहीतर हलक्या दगडाचं बांधकाम असतं, त्यावर संगमरवराच्या लाद्या लोखंडी आकड्यांनी धरलेल्या. पुतळेसुद्धा अनेक तुकड्यांचे, सांधे कपड्याच्या चुणीत लपवलेले. पांढरा दगड इटलीतल्या करारा गावचा, तोच पुतळ्यांना. मागचे पिरॅमिड राखाडी किंवा शिरा असलेले, आणि पिवळा सिएना वगैरे रंगीत दगड महाग म्हणून पातळ पत्र्यासारखा कापून चिकटवलेला. रंगीत दगडाचा खेळ बघायचा तर सर हेन्री चीअरची कामं बघा, अ‍ॅबीच्या अगदी शेजारी त्याचा कारखाना होता, वाकड्यातिकड्या शिंपल्यासारख्या चौकटी, देवदूतांची नुसती डोकी, हे त्याच्याकडे भरपूर.

करायची पद्धत म्हणजे आधी मातीचा छोटा नमुना, तो गिऱ्हाइकाला दाखवायचा, पसंत पडला की करार, मग मोठा नमुना, मग कारखान्यातली माणसं दगड उतरवत आणणार आणि शेवटची चेहऱ्या-हातांची छिन्नी मुख्य शिल्पकाराची. ड्यूकच्या स्मारकाचा नमुना व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधे आहे.

रूबिलियाकची खासियत म्हणाल तर पृष्ठभाग. कातडी, रेशीम, लोकर, सांगाड्याचं कफन, प्रत्येकाला वेगळी घासाई. कुठे पूर्ण चकाकी, कुठे कानशीचे ओरखडे मुद्दाम ठेवलेले, त्यामुळे उजेड वेगवेगळा परततो. फोटोत हे अर्धंसुद्धा येत नाही.

आणि यांचे आजार. लोखंडी आकडे ओलीनं गंजतात, गंज फुगतो आणि दगड आतून फुटतो, मग ते काढून स्टेनलेस स्टीलचे घालावे लागतात. भिंतीतून ओल आणि क्षार येतात आणि संगमरवराचे कण साखरेसारखे सुटायला लागतात. गावच्या चर्चमधे आणखी एक शत्रू म्हणजे वटवाघूळ. त्यांच्या मुतानं पॉलिशवर कायमचे डाग आणि खड्डे पडतात, आणि वटवाघळांना कायद्याचं संरक्षण असल्यानं हाकलताही येत नाही. काही ठिकाणी सरळ चादर झाकून ठेवतात. तीनशे वर्षं टिकलेलं काम आमच्या पिढीत खराब व्हायला नको ही धास्ती आम्हाला रोज असते.

कोकणकडा_७

सगळे कलेवर बोलतायत म्हणून एक वेगळी गोष्ट टाकतो, आमच्या गावाकडची आहे. अ‍ॅबीच्या उत्तर बाजूला व्हाइस अ‍ॅडमिरल चार्ल्स वॉटसनचं स्मारक आहे. मधे तो रोमन झग्यात हातात फांदी घेऊन उभा, एका बाजूला गुडघे टेकून आभार मानणारी बाई म्हणजे कलकत्ता, दुसऱ्या बाजूला साखळदंडात बांधलेला कैदी म्हणजे फ्रेंचांचं चंद्रनगर, आणि संगमरवरी ताडाची झाडं. खर्च ईस्ट इंडिया कंपनीचा. आणि त्यावरच्या कोरीव लेखात पहिली कामगिरी लिहिलीय ती घेरिया जिंकल्याची, फेब्रुवारी १७५६.

घेरिया म्हणजे आपला विजयदुर्ग!! तुळाजी आंग्र्यांचा किल्ला. समुद्रातून वॉटसनचं आरमार, जमिनीवरचं सैन्य क्लाइव्हकडे, आणि दुसरीकडून खुद्द नानासाहेब पेशव्यांचं सैन्य, कारण पेशव्यांचं तुळाजीशी जमत नव्हतं. तोफांच्या माऱ्यात आंग्र्यांचं आरमार बंदरातच जळून गेलं. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. नंतर किल्ला पेशव्यांकडे आला आणि इंग्रजांना बाणकोट मिळालं. मराठी आरमाराचं कंबरडं मोडलं ते त्या दिवशी असं मानणारे आम्ही पुष्कळ आहोत.

मला त्या स्मारकासमोर सौंदर्य वगैरे दिसलंच नाही, आपला किल्ला एका ओळीत कोरलेला दिसला. कलकत्त्याला निदान मूर्ती तरी आहे.

दगडफूल

@कोकणकडा_७, हा प्रतिसाद आला नसता तर धागा अपुरा राहिला असता. वॉटसन १६ ऑगस्ट १७५७ ला कलकत्त्यातच वारला. स्मारकाचा आराखडा जेम्स स्टुअर्टचा (अथेन्सची मोजमापं घेऊन आलेला, म्हणून त्याला अथेनियन स्टुअर्ट म्हणायचे) आणि कोरीवकाम पीटर स्कीमेकर्सचं, १७६३. म्हणजे रूबिलियाक जाऊन एकच वर्ष झालं होतं आणि बघा हवा किती बदलली. ढग गेले, धावपळ गेली, सगळे आपापल्या जागी स्थिर उभे. ग्रीक-रोमन वळण परत आलं. रोकोकोचा शेवट कुठे झाला हे दाखवायचं तर मी याच स्मारकाकडे बोट दाखवीन.

आणि तुमचा राग रास्त आहे. रूबिलियाकच्या कामात मृत्यू सगळ्यांना सारखाच गाठतो, ड्यूक असो की जनरल. वॉटसनच्या स्मारकात जिंकणारा आणि साखळदंडातला असा सरळ भेद आहे, आणि तो कंपनीनं पैसे देऊन कोरून घेतलाय.

निवांत पाटी

पण मग पैशाचा प्रश्न सगळ्यांनाच लागू होतो ना? ब्रिस्टलच्या ऑल सेंट्स चर्चमधलं एडवर्ड कोलस्टनचं थडगं तुमच्या रायस्ब्रॅकनंच कोरलंय, १७२९, आराखडा गिब्जचा. त्यावर त्यानं केलेल्या दानधर्माची मोठी यादी आहे. तो ज्या गुलामांच्या व्यापारात होता त्याचं नाव नाही. आणि वॉर्कटनचे हे दानशूर ड्यूक, यांना १७२२ साली राजानं सेंट लुशिया आणि सेंट व्हिन्सेंट ही बेटं वसवायला दिली होती, तो बेत फसला म्हणून, नाहीतर तिथेही तेच झालं असतं. दानशीलतेच्या देवतेकडे बघताना मला हे आठवतं.

दगडफूल

आठवायलाच हवं, आणि स्मारकांशेजारी ते लिहायलाही हवं. त्याच घराबद्दल दुसरी गोष्टही नोंदवतो. गुलामांच्या जहाजावर जन्मलेला मानला जाणारा इग्नेशियस सँचो, जो पुढे लेखक आणि संगीतकार म्हणून नावारूपाला आला, त्याला लहानपणी वाचायला उत्तेजन दिलं ते याच ड्यूकनं, आणि पुढे डचेसनं त्याला बटलर म्हणून ठेवलं. म्हणजे ज्या बाईच्या स्मारकावर नियतीदेवता धागा कातताहेत तिच्या घरात तो वावरलाय. यानं बेटांचा हिशोब फिटत नाही हे मान्य.

मोगरीकाठ

मुंबईत असं काही बघायला मिळेल का? भाचरं तिथे आहेत, त्यांना पाठवीन.

धूळपाटी

फोर्टमधलं सेंट थॉमस कॅथेड्रल, मोगरीताई. चर्च १७१८ चं, पण स्मारकं नंतरची, रोकोको नाहीत. गव्हर्नर जोनाथन डंकन (वारले १८११) यांचं जॉन बेकन ज्युनियरनं केलेलं स्मारक बघायला सांगा. काठियावाड आणि बनारसमधली बालहत्या थांबवल्याचं त्यावर कोरलंय आणि वडाचं झाड आहे. लंडनमधे कोरून जहाजानं आणलेला दगड, दमट हवेत दोनशे वर्षं उभा आहे. शिल्पकार कुठला, विषय कुठला, हवा कुठली, सगळं तिथे एकत्र बघायला मिळतं.

खिडकीपाशी

वॉर्कटनला जायचं ठरवतोय, रायस्ब्रॅकवाला असलो तरी. लंडनहून कसं जायचं? आणि तुमच्या रूबिलियाकला इटलीत कोणी विचारलं का कधी?

दगडफूल

सेंट पँक्रसहून केटरिंगची गाडी, साधारण तासाभराचा प्रवास, तिथून टॅक्सी. गावचं चर्च असल्यानं उघडं आहे की नाही ते आधी विचारून जा. जवळच माँटेग्यूंचं बॉटन हाउस आहे पण ते वर्षातले थोडेच दिवस खुलं असतं. शक्यतो सकाळी जा आणि आधी ड्यूकसमोर न थांबता डचेसच्या बाजूला जाऊन तिथून ड्यूकच्या स्मारकाकडे बघा.

इटलीचं म्हणाल तर तो १७५२ मधे रोमला जाऊन आला. परतल्यावर त्यानं रेनॉल्ड्स या चित्रकाराला सांगितलं म्हणे की बर्निनी बघून आल्यावर आपली स्वतःची कामं हडकुळी, तंबाखूच्या पाइपांची केल्यासारखी वाटली. आणि हारग्रेव, नाइटिंगेल, हॅंडेल ही सगळी त्यानंतरची. मेला तेव्हा कर्जात होता. अ‍ॅबीतल्या गवंड्याची एक आठवण आहे, त्यानं रूबिलियाकला एकदा व्हेअर या सेनानीच्या जुन्या थडग्यापाशी हाताची घडी घालून उभा बघितलं, तिथल्या गुडघ्यावर बसलेल्या दगडी सरदाराकडे एकटक. गवंडी काहीतरी बोलायला गेला तर हा म्हणाला, गप, तो आत्ता बोलेल. ते थडगं नाइटिंगेलच्या अगदी शेजारच्या कप्प्यात आहे, दोन्ही एका फेरीत बघून होतात.

खिडकीपाशी

बरं. शनिवारी जातोय, आल्यावर इथेच लिहीन, आणि पटलं नाही तर तेही लिहीन.